चौल ते मुरूड : एका किनारपट्टीवरच्या माणसांची पार्श्वभूमी

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागलं की उजवीकडे समुद्रात घुसलेला एक डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याला कोर्लई. वर अलिबागपासून खाली मुरूडपर्यंतचा हा पट्टा एसटीने दोन-अडीच तासांत संपतो. एवढ्यात कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, मराठा, माळी, ब्राह्मण, बौद्ध आणि कातकरी आहेत. शिवाय कोकणी मुसलमान, पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे कॅथलिक, मराठी बोलणारे यहुदी म्हणजे बेने इस्राएल, आणि हबशी वंशाचे सिद्दी. पर्यटनाच्या लेखांत शेवटच्या चौघांचंच कौतुक असतं, तेही ‘बाहेरून आलेले’ म्हणून. बाकीचे जणू इथल्या मातीतच उगवले! प्रत्यक्षात समुद्राने आणलेला जवळजवळ प्रत्येक गट काही पिढ्यांत इथली एक जात होऊन बसला. धंदा ठरला, आळी ठरली, सोयरीक कुणाशी करायची आणि कुणाशी नाही हेही ठरलं.

सुरुवात चौलपासून करावी लागते. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत झोपलेलं हे गाव हजार वर्षांपूर्वी मोठं बंदर होतं. अरबी प्रवासी त्याला सैमूर म्हणत. इ.स. ९१६च्या सुमारास बगदादचा अल्-मसूदी इथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलंय : कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे. आकडा गोळाबेरजेचा असणार. पण त्याच नोंदीत तो आणखी एक वर्ग सांगतो, ‘बयासिरा’, म्हणजे मुसलमान आई-बापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेले. मला ही नोंद त्या दहा हजारांपेक्षा मोलाची वाटते. दहाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चौलमध्ये इथे जन्मलेली मुसलमान पिढी होती आणि तिला वेगळं नाव पडलं होतं. त्यांच्या आपसातल्या तंट्यांसाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. इकडे उत्तर कोकणात संजाणला तर राष्ट्रकूटांचा अधिकारीच ‘ताजिक’, म्हणजे अरब होता. चिंचणीच्या ९२६ सालच्या ताम्रपटात त्याचं नाव ‘मधुमती’ असं संस्कृत करून कोरलंय. महंमदाचं मधुमती!

कोकणी मुसलमान आजही शाफई या सुन्नी कायदेपंथाचे आहेत. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी, कारण तिकडे धर्म उत्तरेतून, सुलतानांच्या फौजांबरोबर आला. कोकणात तो अरबांच्या गलबतांतून आला. आडनावं मात्र इथलीच, कित्येक गावावरून पडलेली, शेवटी ‘कर’ लावून.

तोच ‘कर’ बेने इस्राएलांच्याही मागे लागला : रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, दिवेकर. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, ती जागा अजून दाखवतात. गंमत अशी की ‘सह्याद्रिखंड’ या पौराणिक ग्रंथात परशुरामाने चित्पावन निर्माण केले ते समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या चौदा प्रेतांपासून. दोन कथांमधलं हे साम्य पाहून काहींनी दोन्ही समाजांचं नातंही जुळवून टाकलं. माझ्या मते एवढंच म्हणावं की या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची गोष्ट सगळ्यांनाच पटत होती.

बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत. शनिवार त्यांचा धर्माने ठरवलेला विसाव्याचा दिवस; त्या दिवशी बैल सोडलेला, घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. हिब्रू ग्रंथ विसरले गेले होते, पण शनिवार, सुंता आणि ‘शमा’ ही एकाच देवाची प्रार्थना राहिली. नवस फेडताना किंवा शुभकार्याआधी आजही ते एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, वर फळं. शेजारच्या हिंदू घरातल्या प्रसादाचं आणि मुसलमान घरातल्या फातेहाचं वळण त्यात सहज ओळखू येतं, प्रार्थना तेवढी हिब्रूत. पुढे ‘गोरा इस्राएल’ आणि ‘काळा इस्राएल’ अशी फूटही पडली. समाजाबाहेरच्या बाईपासून झालेली संतती ती काळी, तिच्याशी बेटीव्यवहार नाही. जातीची शिस्त किती आत मुरली होती, ते यावरून कळतं. आणि २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं ते असं : या समाजात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा असे दोन्ही अंश आहेत, भारतीय अंश मुख्यतः आईच्या बाजूने आलेला. म्हणजे गोरे म्हणवणाऱ्यांच्याही आज्या-पणज्या इथल्याच.

पोर्तुगीजांचं प्रकरण वेगळं, कारण ते तोफा घेऊन आले. १५०८मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा त्यात मारला गेला. तरी पुढे निजामशहाच्या परवानगीने त्यांनी रेवदंड्याला कोट बांधला आणि १५९४मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगरही घेतला. वसईच्या मोहिमेनंतर १७४०मध्ये ही दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली. ज्यांना गोव्याला जायची ऐपत होती ते गेले. मागे राहिले ते बहुतेक गरीब, इथलेच, बाप्तिस्मा घेतलेले. काहींच्या घराण्यात शिबंदीतल्या शिपायाचं रक्त असेल, काहींच्या नसेल. त्यांची वस्ती कोर्लईच्या पायथ्याशी एकवटली.

मुंबई-वसईकडचे कॅथलिक मराठी बोलत राहिले. कोर्लईत मात्र घरात आणि चर्चच्या आवारात ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, ही बोली टिकली. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्यात क्रियापद मराठीसारखं शेवटी. ती टिकण्यात कौतुकापेक्षा नाइलाजाचा भाग मोठा आहे. आजूबाजूला दुसरे कॅथलिक नाहीत, हिंदू शेजाऱ्यांशी रोटीबेटी नाही, मग लग्नं गावातल्या गावात. भाषाशास्त्रज्ञ जे. क्लान्सी क्लेमंट्स यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा बोलणारे हजाराच्या आतबाहेर होते. आता मिस्सा मराठीत, शाळा मराठीत, नोकरी मुंबईत, तेव्हा बोलीवर मराठीचं ओझं वाढतंच आहे.

खाली मुरूडला सिद्दी. जंजिरा मूळचा कोळ्यांचा. त्यांचा प्रमुख राम पाटील याच्याकडून तो दारूच्या पिंपांच्या युक्तीने घेतला, ही गोष्ट राजपुरीच्या होडीत बसलेल्या प्रत्येक पर्यटकाला ऐकवली जाते. हबशी माणसं या किनाऱ्यावर आली ती गुलामांच्या बाजारातून, मग शिपाई आणि खलाशी म्हणून पुढे चढली. अहमदनगरचा मलिक अंबर स्वतः अनेकदा विकला गेलेला माणूस. शिवाजी महाराजांना आणि संभाजीराजांना किल्ला दाद देईना, त्यामुळे ‘सिद्दी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नुसता वैरी उभा राहतो. १९४८मध्ये विलीन होईपर्यंत जंजिरा संस्थान टिकलं, पण त्यात सिद्दी घराणी मूठभरच होती. प्रजा कोळी, आगरी, कुणबी, मराठा आणि कोकणी मुसलमान. मुरूडजवळच्या खोकरीच्या घुमटांखाली सिद्दी सरदार झोपलेत. ज्या हबशी गुलामांना सरदारकी मिळाली नाही, त्यांची नावं कुठेच नाहीत.

या सगळ्याला ‘वंश’ म्हणून खानेसुमारीत बसवायचं काम इंग्रजांनी केलं. १८८३च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरमध्ये प्रत्येक जातीला दोन-चार ओळींत रंग, बांधा आणि स्वभाव चिकटवलेला आहे, त्यात ‘कष्टाळू’ आणि ‘दारुडे’ हे शिक्के उदारपणे वाटलेत. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी लांबीने भागली आणि मराठी ब्राह्मण-कुणब्यांना ‘सिथो-द्रविड’, म्हणजे शक आणि द्रविड यांचं मिश्रण, ठरवलं. ती विद्या केव्हाच मोडीत निघाली, पण ‘आमचे डोळे घारे, आम्ही अमुकचे’ ही बोली लग्नाच्या बैठकीत अजून ऐकू येते.

संख्येने मोठे असलेले आगरी आणि कोळी या चर्चांत कमी येतात. मिठागरं आगऱ्यांनी घातली, खारजमिनी त्यांनी लागवडीला आणल्या आणि तिथे ते खोतांची कुळं म्हणून राबले. अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप १९३३ पासून सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. खोतीवरचा हा लढा वाचला की किनाऱ्यावर कोण कुठून आला यापेक्षा सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे हा प्रश्न जास्त जिवंत होता, हे ध्यानात येतं. आणि कातकरी? त्यांचं गलबत कुठे फुटलं नाही, त्यांची कुणी दंतकथा छापली नाही. कात काढणारे म्हणून कातकरी. आज ते सरकारी यादीत अतिमागास आदिवासी आणि पावसाळा सरला की वीटभट्टीवर.

बेने इस्राएल १९४८च्या सुमारास वीस हजारांच्या आसपास होते. मग बहुतेक इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली आणि आंदोलनानंतर १९६४मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. महाराष्ट्राने २०१६मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागच्या इस्राएल आळीत आता घरं थोडी उरलीत.

जनगणनेच्या छापील तक्त्यांत यातलं फार थोडं दिसतं. यहुदी ‘इतर धर्मां’त जातात. दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या छापल्या जात नाहीत, म्हणून कोर्लईची बोली नावाने येतच नाही. येत्या जनगणनेत सगळ्यांचीच जात विचारायचं केंद्राने २०२५मध्ये ठरवलंय. कोर्लईचा कॅथलिक, मुरूडचा सिद्दी आणि अलिबागचा रोहेकर त्या रकान्यात काय सांगतात आणि प्रगणक काय लिहून घेतो, ते तेव्हा कळेल.