साइडशोवरची बंदी नक्की कोणाला हवी होती? थोडी पार्श्वभूमी

साइडशो म्हणजे सर्कशीत किंवा जत्रेत मुख्य खेळाच्या बाजूला वेगळं तिकीट लावून चालणारा छोटा खेळ, फक्त आपल्या जत्रेतल्या ‘मुंडकं बाईचं, अंग नागाचं’वाल्या तंबूशी गल्लत करू नका. तिथे आरशांची करामत असायची, अमेरिकेत मात्र जन्मतःच वेगळं शरीर असलेली खरीखुरी माणसं तिकीट लावून स्टेजवर बसायची. १८४० च्या दशकापासून धंदा जोरात होता, १९४० नंतर उतरणीला लागला. ते सगळं बऱ्याच ठिकाणी लिहून झालंय. इथे प्रश्न एवढाच की असे खेळ बंद करा ही मागणी स्टेजवरच्या माणसांची होती की बाहेरच्यांची.

शब्दावरचं भांडणही जुनंच. १८९९ मधे एक मोठी अमेरिकन सर्कस लंडनला असताना तिच्या साइडशोतल्या कलाकारांनी मीटिंग घेऊन सांगितलं की आम्हाला ‘फ्रीक’ (विचित्र प्राणी) म्हणायचं नाही, मग ‘प्रॉडिजी’ (अद्भुत, असामान्य माणूस) असा शब्द ठरला. हा सगळा तिकिटं खपवायला सर्कसच्याच पब्लिसिटीवाल्यांनी रचलेला बनाव होता असंही म्हणतात. असेलही, पण शब्द मुळात झोंबत नसता तर ही आयडिया तरी कोणाला सुचली असती?

बंदीचा खरा गुंता अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याचा. १९२१ मधे तिथे कायदा झाला की शरीरात व्यंग असलेल्या माणसाला पैसे घेऊन दाखवायचं नाही. हेतू चांगला असेल, पण गंमत बघा, याच राज्यात टॅम्पाजवळ गिब्सनटन म्हणून गाव आहे, जिथे हीच मंडळी सीझन संपला की हिवाळा काढायला यायची आणि हळूहळू घरं करून राहिलीच. पोस्टात बुटक्या लोकांचा हात पोचावा म्हणून ठेंगणं काउंटर होतं. आठ फुटांच्या वर उंची सांगणारा एक जण आणि जन्मतः पाय नसलेली त्याची बायको, दोघं मिळून मासे पकडायला येणाऱ्यांसाठी कॅम्प चालवायचे. म्हणजे राहा इथे, फक्त ज्याच्यावर पोट आहे ते करू नका!

शेवटी दोन कलाकार कोर्टात गेले. एक बुटका, दुसऱ्याचे तळहात थेट खांद्यापासूनच फुटलेले. हा दुसरा आधी पिट्सबर्गला रस्त्यावर पेपर विकायचा, मग साइडशोत आला, स्टेजवर वस्तऱ्याने स्वतःची दाढी करायचा, करवतीने खोकं कापून दाखवायचा. १९७२ मधे फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदाच उडवला, मुद्दा असा की अपंग माणसाला जे काम जमतं त्यावर कमवायची संधी मिळाली पाहिजे. यावर आक्षेप येतो की दुसरं काम कोणी दिलंच नाही तर ‘स्वखुशीने’ कसं म्हणायचं. मुद्दा बिनतोड आहे, पण बंदी घालून दुसरं काम मिळत नाही ना.

१९८४ ला न्यूयॉर्कच्या स्टेट फेअरमधे, म्हणजे राज्याच्या मोठ्या जत्रेत, तोच वाद परत. हातापायांची वाढ न झालेला, पन्नाशी उलटलेला कलाकार, बोर्डवर नाव ‘फ्रॉग बॉय’. अपंगांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका बाईने तक्रार केली, तर तोच उलट तिच्यावर चिडला की मला काय सरकारी मदतीवर बसवायचंय का. पुढे तो कोनी आयलंडला, म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्या समुद्रकाठच्या करमणुकीच्या ठिकाणी गेला, ‘फ्रॉग’ काढून टाकलं आणि नवं नाव घेतलं ‘ह्यूमन सिगारेट फॅक्टरी’. खेळ मात्र जुनाच, कागदात तंबाखू ओठांनीच वळायची आणि काडी पण ओठांनीच ओढायची.