केसाएवढी काच, अणूएवढा थर

ऑप्टिकल फायबर म्हटलं की आधी इंटरनेट आठवतं. पण काचेच्या याच तंतूकडून मोजमापाचं कामही करून घेता येतं: पुलावर येणारा ताण, तेलविहिरीतलं तापमान आणि आता हवेतला अमोनियासुद्धा.

त्यासाठी लागणारी ‘ग्रेटिंग’, म्हणजे फायबरच्या गाभ्यातली बारीक पट्ट्यांची रांग, १९७८ साली जवळजवळ अपघातानेच हाती लागली. कॅनडातल्या ओटावा इथे केनेथ हिल आणि त्यांचे सहकारी जर्मेनियम मिसळलेल्या फायबरमध्ये आर्गन लेझरचा प्रकाश सोडत होते. काही वेळाने प्रकाश पुढे कमी जाऊ लागला आणि मागे जास्त परतू लागला. जाणाऱ्या आणि टोकावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून फायबरच्या गाभ्यात उजेड-अंधाराचे पट्टे पडले होते. जिथे उजेड जास्त, तिथे काचेचा अपवर्तनांक (प्रकाशाला किती मंदावते याचं माप) कायमचा किंचित बदलला होता. आता असे पट्टे बाहेरून, अतिनील प्रकाशाने पाडतात.

१५५० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण ५३५ नॅनोमीटर ठेवावं लागतं, म्हणजे सेंटीमीटरभर फायबरमध्ये १८ हजारांहून जास्त पट्टे. प्रत्येक पट्टा प्रकाशाचा अगदी नगण्य अंश परतवतो. एकाच तरंगलांबीचे हे सगळे अंश एका तालात येतात आणि तेवढीच परत येते. फायबर एक अंशाने तापलं की ही तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) सरकते; लांबीत दहा लाखांत एक भाग वाढ झाली तर १.२ पिकोमीटर. अणूचा व्यास शंभरएक पिकोमीटर असतो, आणि एका पिकोमीटरचा फरक टिपणारी उपकरणं आज सर्रास वापरात आहेत!

मात्र ही साधी ग्रेटिंग रसायनांच्या बाबतीत आंधळी असते. तंतूची जाडी १२५ मायक्रोमीटर, त्यातला गाभा जेमतेम ८-९. प्रकाश त्या गाभ्यातच कोंडलेला, त्यामुळे बाहेर पाणी आहे की अल्कोहोल, याचा त्याला पत्ताच लागत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्लाने वरची काच झिजवता येते, पण मग तंतू हात लावताच मोडण्याइतका नाजूक होतो. त्यापेक्षा पट्टे थोडे तिरके पाडणं मला जास्त चतुराईचं वाटतं. तिरक्या पट्ट्यांमुळे काही प्रकाश गाभ्यातून बाहेरच्या आवरणात शिरतो आणि त्याची शेपूट काचेच्या पृष्ठभागाबाहेर डोकावते. ती मायक्रोमीटरभर अंतरातच विरून जाते. त्या चिंचोळ्या पट्टीत जे घडेल, तेवढंच प्रकाशाला कळतं.

म्हणून रेणू नेमके तिथेच धरून ठेवणारा थर हवा, आणि इथे द्विमितीय पदार्थ, म्हणजे जेमतेम अणूएवढ्या जाडीचे थर, कामी येतात. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे काढत ग्राफीन वेगळं केलं. एका अणूएवढ्या, ०.३४ नॅनोमीटर जाडीच्या या थरात ‘आतला’ अणू नसतोच, सगळेच पृष्ठभागावर! एका ग्रॅमचं क्षेत्रफळ तत्त्वतः २६३० चौरस मीटर भरतं. अमोनियाचा रेणू चिकटला की तो ग्राफीनला इलेक्ट्रॉन देतो, नायट्रोजन डायऑक्साइड उलट काढून घेतो. त्याने थराचे प्रकाशीय गुणधर्म बदलतात आणि परतणाऱ्या किंवा आरपार जाणाऱ्या प्रकाशात तो बदल उमटतो. प्रथिनं पकडायची असतील तर ग्राफीन ऑक्साइड सोयीचं, कारण त्यावरच्या ऑक्सिजनयुक्त गटांना प्रतिपिंडं (ठरावीक रेणूच ओळखून पकडणारी प्रथिनं) रासायनिक बंधांनी बांधता येतात.

संवेदनशीलतेचे मोठमोठे आकडे वाचताना मात्र जरा सावध राहावं. ग्राफीनला ओळखपाळख नसते. त्यावर पाण्याची वाफही चिकटते. निवड करायची ती वर बांधलेल्या प्रतिपिंडाने. शिवाय खोलीचं तापमान अर्ध्या अंशाने हललं, तरी ५ पिकोमीटरचा खोटा इशारा मिळतो. तिरक्या ग्रेटिंगकडे यावर घरचाच उपाय आहे: तिच्यातून येणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात गाभ्यातल्या प्रकाशाची एक खूण राहते, जी बाहेरच्या द्रवाने हलत नाही, फक्त तापमानाने आणि ताणाने हलते. ताण स्थिर ठेवून तिचं सरकणं वजा केलं, की उरतं ते पृष्ठभागावर घडलेलं. थर काचेवरून सुटू लागला, तर मात्र ही वजाबाकीही कामाची नाही.