मिसिसिपीवरचं लॉक ओलांडायचंय? अर्ज शोधत बसू नका

नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या मोलाइन, डॅव्हनपोर्ट भागात आलेल्या मराठी घरांत जूनमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. पॉन्टून बोट (तरंगत्या नळ्यांवरची सपाट बोट) भाड्याने घेतली, आता लॉकमधून जायची परवानगी कुठे काढायची? (लॉक म्हणजे धरणाशेजारची, दोन्हीकडे दारं असलेली पाण्याची खोली; तिच्यातलं पाणी कमी-जास्त करून बोट वर-खाली नेतात.)

कुठेच नाही. अर्ज नाही, शुल्क नाही, आगाऊ बुकिंगही नाही. मिसिसिपीच्या वरच्या टप्प्यातली लॉक आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, म्हणजे अमेरिकी लष्कराचं अभियांत्रिकी दल, चालवतं आणि खासगी बोटीकडून एक सेंटही घेत नाही. (मालवाहू कंपन्या डिझेलवर गॅलनमागे 29 सेंट कर भरतात, तो वेगळा.) कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडीसुद्धा चालते. आपल्याला फॉर्म भरल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही, त्याला इलाज नाही.

कागद लागतात ते बोटीचे. राज्याच्या नोंदणीचं कार्ड बोटीवरच हवं, घरच्या ड्रॉवरमध्ये नको. बोट भाड्याची असेल तर कराराची प्रत सोबत ठेवा. नोंदणी क्रमांक पुढच्या भागावर दोन्ही बाजूंना, किमान तीन इंच उंच अक्षरांत. माणशी एक लाइफ जॅकेट, आणि 16 फूट किंवा त्याहून लांब बोटीवर फेकता येईल असं तरंगतं साधनही. चालवणाऱ्याचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1989 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रौढाला मोटारबोट चालवायला सुरक्षा-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून ज्या राज्याच्या पाण्यात जाणार, तिथले नियम आधी बघा.

खरी प्रक्रिया भिंतीपाशी सुरू होते. लॉकच्या लांब भिंतीच्या टोकाला छोट्या बोटींसाठी एक दोरी लोंबत असते, ती ओढायची. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल 14 वर बोला. मग दिव्याकडे लक्ष ठेवा: लाल म्हणजे लांब थांबा, पिवळा म्हणजे सावकाश जवळ या, हिरवा म्हणजे आत. लॉकवाल्यांनी भोंगा वाजवला तर एक लांब म्हणजे आत या, एक आखूड म्हणजे निघा. धरणाच्या दारांकडे मात्र चुकूनही वळू नका. वरच्या अंगाला 600 फूट आणि खालच्या अंगाला 150 फूट पट्टा बंदीचा आहे.

रांगेत आपण शेवटचे. आधी लष्करी बोटी, मग टपाल, प्रवासी, मालवाहू, मासेमारी आणि मग हौशी. पंधरा बार्जचा (मालाच्या सपाट बोटींचा) ताफा 600 फुटांच्या लॉकमध्ये एका खेपेत मावत नाही. तो मधे सोडवून दोनदा न्यावा लागतो, त्यात दीड-दोन तास सहज जातात. तरी व्यापारी बोटींच्या तीनपेक्षा जास्त फेऱ्या होईपर्यंत आपल्याला ताटकळत ठेवू नये असा नियम आहे. पोरांसाठी खाऊ जास्तच घ्या.

रॉक आयलंडच्या लॉक 15 मध्ये पाणी 16 फूट खाली जातं. दोर किमान 50 फुटी हवा. तो हातात धरून बोट भिंतीलगत ठेवा आणि पाणी उतरेल तसा सोडत जा. गाठ मात्र मारायची नाही, नाहीतर पाणी खाली जाईल आणि बोट दोराला टांगलेली राहील. बोटीच्या कडेला रबरी फेंडर लावले की भिंतीच्या काँक्रीटने रंग खरवडला जात नाही. मान वर केली तर डोक्यावर 1896 चा पूल दिसेल. मोठ्या बोटींना वाट द्यायला तो अख्खा फिरतो.

मिनियापोलिसपर्यंत जायचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा. तिथलं सगळ्यात वरचं लॉक, अप्पर सेंट अँथनी फॉल्स, परकी कार्प मासळी वर जाऊ नये म्हणून जून 2015 पासून बंद आहे. त्यापुढे बोट पाण्यातून जात नाही, ट्रेलरवर चढवून न्यावी लागते.