गाडीनं पहिला झटका मारला त्याच दिवशी आमच्या गॅरेजमध्ये आणा (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मोठ्या गाड्यांसाठी)

राजेहो, वणी, मारेगाव, पांढरकवडा या भागात आता बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज काही नवलाच्या राह्यल्या नाही. जिनिंगवाले, कोळशाचे ट्रान्सपोर्टवाले, एखादा हौशी कास्तकार बी दिल्लीची गाडी घेऊन येतो, कारण 2015 मध्ये एनजीटीनं (राष्ट्रीय हरित लवादानं) ऑर्डर काढली तेव्हापासून तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीची कटकट सुरू झाली अन त्या गाड्या एनओसी (दुसऱ्या राज्यात न्यायची परवानगी) घेऊन स्वस्तात बाहेर निघाल्या. गाडी चांगलीच असते, फक्त तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल आजपर्यंत कोणी बदललेलं नसते.

विचारलं का सांगतात, "भाऊ, ते तर लाइफटाइम ऑइल आहे." कंपनी तसं म्हणते खरं, पण लाइफटाइम कोणाचं, ते नाही सांगत. बीएमडब्ल्यू, जॅग्वार, लँड रोव्हर अन ऑडीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा गिअरबॉक्स येते, अन ती झेडएफ स्वतःच म्हणते का 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर नाही तर आठ वर्षं, यात जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला. त्यात आपला मे महिना 45-46 डिग्रीचा, वरून गाडीच्या ऑइल कूलरच्या जाळीत कोळशाची धूळ अन कापसाचे तंतू बसलेले, मग ऑइल तापणार नाही तर काय होईल. आपण तर 60-70 हजार किलोमीटरलाच बदला म्हणतो.

आता लक्षणं. सकाळी गाडी थंडी असताना डी (पुढं) किंवा आर (मागं) टाकला का एक-दोन सेकंद काहीच होत नाही अन मग धडकन लागते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मागून कोणी ढकलल्यासारखं वाटते. 70-80 च्या स्पीडला हलकी थरथर येते, जशी रोडच्या कडेच्या पट्टीवरून गाडी चालली, ते बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) आतल्या क्लचचं काम असते. अन एकदम एकाच गिअरमध्ये अडकली, पुढं जातच नाही, तर तो लिम्प मोड आहे, गाडी स्वतःले वाचवून राह्यली असं समजा. इंजिन बंद करून चालू केलं का नीट होते म्हणून लोक महिनाभर तशीच चालवतात, अन तिथंच खर्च दहा पट होते.

मागच्या दिवाळीच्या सुमारास एक गिऱ्हाईक आले, जुनी सहा गिअरची गाडी, शहरातल्या एका वर्कशॉपनं त्यांना पूर्ण गिअरबॉक्स बदला म्हणून साडेसहा लाखाचं कोटेशन दिलं होतं. आम्ही गाडी जॅकवर घेतली तर वायरिंगचा मोठा प्लग जिथून गिअरबॉक्समध्ये जाते तिथं ऑइल गळत होतं. तिथं बोटाएवढी एक प्लास्टिकची स्लीव्ह असते, तिचे रबर कडक होऊन गेले होते. लेव्हल खाली गेली, म्हणून झटके. स्लीव्ह, ऑइल, फिल्टरसहित पॅन (खालचं ऑइलचं भांडं), अन अडॅप्टेशन रीसेट (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची सेटिंग नव्यानं बसवणं), एकूण 38 हजार. सगळ्यांचं इतक्यात भागते असं नाही हो, पण मोठा आकडा ऐकला का पहिले बॅटरी, लेव्हल अन स्कॅन रिपोर्ट पाहा. बॅटरीचा व्होल्टेज पडला तरी गिअरबॉक्सचा फॉल्ट येते, हे आम्ही कितीदा पाह्यलं.

आमच्याकडचे रेट मोकळेपणानं सांगतो, मॉडेलप्रमाणे थोडं इकडं तिकडं. ऑइल सर्व्हिस 25 ते 40 हजार. सोलेनॉइड (ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) नाही तर व्हॉल्व्ह बॉडीचं (ते सगळे व्हॉल्व्ह बसतात त्या भागाचं) काम 60 हजार ते दीड लाख. क्लच प्लेटा जळल्या असल्या अन पूर्ण खोलून बांधायचा तर दोन ते चार लाख, अन त्यात नागपूरहून पार्ट यायले आठवडा-पंधरा दिवस धरा. ऑइल आम्ही कंपनीनं सांगितलेल्या नंबरचंच टाकतो. बाजारातलं कोणतंही लाल ऑइल टाकून स्वस्तात करून द्या म्हणाल तर ते काम आम्ही घेत नाही. जुना पॅन तुमच्यासमोर खोलतो. त्यातल्या मॅग्नेटवर काळी मऊ लेप बसली असेल तर घाबरू नका, ती नेहमीच्या झिजेची असते. चमचम करणारे लोखंडाचे तुकडे दिसले तर मग बसून बोलू.

ऑडी, स्कोडा, फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑइलमध्ये न बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) येते, त्याचं वेगळंच आहे. फाटकावर कोळशाची मालगाडी जाईपर्यंत ब्रेक अर्धा सोडून इंच-इंच सरकवू नका, क्लच तापते. पूर्ण थांबा, मग निघा.

अन हात जोडून सांगतो, गाडी बंद पडली का ट्रॅक्टरले दोर बांधून टोचन करून आणू नका! इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा ऑइल पंप बंद, चाकं फिरतात अन आतमध्ये सगळं कोरडं घासते. रिकव्हरी व्हॅनचे पाच हजार वाचवून दोन लाखाचं काम झालेलं आमच्या शेडमध्ये उभं आहे. चारही चाकं वर घेणारी रिकव्हरी व्हॅनच बोलवा.

पावसाळ्यात रपट्यावर (नाल्यावरच्या बुटक्या पुलावर) पाणी असलं तर गाडी घालू नका. गरम गिअरबॉक्स पाण्यात एकदम थंडा झाला का ब्रीदरमधून (हवा जायच्या छिद्रातून) पाणी आत ओढते, ऑइल दुधाच्या चहासारखं होते अन प्लेटांचं अस्तर सुटते. पाण्यातून निघाली असली तर चालू करून पाहू नका, तशीच उचलून आणा. इन्शुरन्सचं म्हणाल तर नुसत्या झिजण्यानं बिघडलं ते साध्या पॉलिसीत बसत नाही, पाण्याचं असेल तर क्लेमसाठी फोटो काढून ठेवा.

सेकंडहँड घेऊन राह्यले असाल तर पहिले आम्हाला दाखवा, आणताना विकणाऱ्याला सांगा का गाडी गरम करून ठेवू नको. दाखवायला आणायची असली तर संध्याकाळी सोडून जा, रात्रभर उभी राहू द्या, आम्ही सकाळी थंड इंजिनवर चालवून पाहतो अन दुपारच्या जेवणाआधी तुम्हाला फोन करतो.