वापरातील दाब-उपकरणांची तपासणी (भारत)

कारखान्यात बसवून चालू असलेले बॉयलर, दाबपात्रे, वाफेच्या पाइपलाइन आणि त्यांवरचे सेफ्टी व्हॉल्व यांची ठरावीक मुदतीने केली जाणारी तपासणी म्हणजे वापरातील तपासणी. उपकरण तयार होताना नकाशा, प्लेटचे प्रमाणपत्र आणि वेल्डिंग पाहिले जाते. वापरातल्या तपासणीचा प्रश्न वेगळा असतो: गेल्या तपासणीनंतर धातूचे काय झाले, आणि पुढच्या तपासणीपर्यंत तो टिकेल का? भारतातले कायदे मुदत, चाचणीचा दाब आणि निरीक्षकाची पात्रता ठरवून देतात. नेमके कुठे आणि काय पाहायचे, हे मात्र निरीक्षकाच्या प्रशिक्षणावर अवलंबून राहते, आणि बहुतेक तपासण्या तिथेच चांगल्या किंवा वाईट ठरतात.

कोणते उपकरण कोणत्या कायद्यात

एकाच आवारातली उपकरणे तीन वेगवेगळ्या यंत्रणांकडे जातात. नव्या निरीक्षकाचा आणि कारखान्याच्या अभियंत्याचाही पहिला गोंधळ इथेच होतो.

पहिली यंत्रणा बॉयलरची. 1863 साली कोलकात्यात झालेल्या बॉयलर-स्फोटानंतर बंगालने 1864 मध्ये तपासणीचा कायदा केला. पुढे इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. प्रत्येक प्रांताचे नियम निराळे असल्याने ते एकत्र करणारा कायदा 1923 साली झाला आणि 1 जानेवारी 1924 पासून लागू झाला. 1937 साली केंद्रीय बॉयलर मंडळ आले. याच मंडळाच्या 1950 च्या भारतीय बॉयलर विनियमांना सगळा उद्योग ‘आयबीआर’ म्हणून ओळखतो. 1923 च्या कायद्याची जागा आता बॉयलर अधिनियम 2025 ने घेतली आहे. त्यात सातपैकी जीवित आणि मालमत्तेला धोका पोहोचवणाऱ्या चार गुन्ह्यांसाठीच फौजदारी शिक्षा ठेवली आहे, बाकीच्यांसाठी आर्थिक दंड आहे. 25 लिटरपेक्षा कमी धारणक्षमता, 1 किलो प्रति चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी दाब किंवा 100 अंशांखाली तापवले जाणारे पाणी असेल, तर ते उपकरण या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालयाकडे आहे.

दुसरी यंत्रणा कारखान्यातल्या इतर दाबपात्रांची: एअर रिसीव्हर (दाबलेली हवा साठवणारी टाकी), रिअ‍ॅक्टर, ऑटोक्लेव्ह, वाफेवरचे ड्रायर. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 31 खाली राज्यांनी नियम केले. महाराष्ट्रात ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. कारखाने अधिनियम आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. प्रत्यक्ष कामात मात्र जुन्या नियमांचेच वेळापत्रक रुळलेले आहे.

तिसरी यंत्रणा दाबाखालच्या वायूंच्या मोठ्या टाक्यांची. एलपीजीची बुलेट (आडवी लांबट टाकी), क्लोरीन किंवा अमोनियाची टाकी अशी 1000 लिटरपेक्षा जास्त क्षमतेची पात्रे 2016 च्या स्थिर व फिरती दाबपात्रे नियमांखाली येतात. त्यांचा परवाना आणि देखरेख ‘पेसो’कडे, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे असते. तिचे मुख्यालय नागपुरात आहे.

मुदती आणि चाचणीचे दाब

बॉयलरचे प्रमाणपत्र जास्तीत जास्त 12 महिन्यांचे असते, इकोनॉमायझरचे (धुराच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी आधीच तापवणाऱ्या भागाचे) 24 महिन्यांपर्यंत मिळू शकते. अपघात झाला, बॉयलर हलवला किंवा त्याच्या रचनेत बदल वा दुरुस्ती केली, तर मुदत शिल्लक असली तरी प्रमाणपत्र संपते. नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दीडपट आणि नूतनीकरणाला सहसा सव्वापट पाण्याचा दाब देतात. त्यानंतर वाफेवर सेफ्टी व्हॉल्वची चाचणी होते. पूर्ण आग लावून आणि वाफेची बाहेर जाण्याची वाट बंद ठेवून शेल बॉयलरला (मोठ्या दंडगोलात पाणी असलेल्या) 15 मिनिटे आणि वॉटर-ट्यूब बॉयलरला (नळ्यांत पाणी असलेल्या) 7 मिनिटे पाहतात. त्या वेळात दाब कामाच्या दाबापेक्षा 10 टक्क्यांहून अधिक चढता कामा नये.

जुन्या बॉयलरसाठी विनियम 391-अ आहे. 400 अंश सेल्सिअस किंवा त्यावर चालणाऱ्या भागांना 1 लाख तासांनंतर आणि त्याखालच्या तापमानाच्या बॉयलरला 25 वर्षांनंतर उर्वरित आयुष्याची चाचणी करावी लागते. 400 अंशांच्या वर पोलाद नुसत्या दाबानेही हळूहळू ताणले जाते. ही क्रीपची हानी जाडी मोजून दिसत नाही. म्हणून वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या हेडरवर, म्हणजे त्याच्या नळ्या जोडणाऱ्या जाड पाइपवर, धातूची रचना दाखवणारी प्रतिकृती, म्हणजे रेप्लिका, घेतात.

इतर दाबपात्रांसाठी आदर्श नियमांचे (राज्यांच्या नियमांसाठीच्या नमुन्याचे) वेळापत्रक असे: दर सहा महिन्यांनी बाहेरून, दर 12 महिन्यांनी आतून आणि दर चार वर्षांनी पाण्याचा दाब देऊन तपासणी. रचनेमुळे आत शिरणे शक्य नसेल, तर आतल्या तपासणीऐवजी दर दोन वर्षांनी पाणी-चाचणी चालते. सतत प्रक्रियेतल्या पात्रांना आतल्या तपासणीसाठी चार वर्षांपर्यंत सवलत आहे. चाचणीचा दाब डिझाइन दाबाच्या 1.25 पट किंवा कमाल परवानगीच्या कामाच्या दाबाच्या 1.5 पट, यांपैकी कमी असेल तो.

या नियमांत एक तरतूद इचलकरंजी, भिवंडी, मालेगावसारख्या कापडाच्या गावांना थेट लागू पडते. सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देण्याच्या, तांब्याच्या पातळ सिलिंडरला पाणी-चाचणीतून सूट मिळू शकते, पण पहिल्या पाच वर्षांनंतर दरवर्षी मूळ दाबाच्या 5 टक्के इतका कामाचा दाब उतरवावा लागतो आणि 20 वर्षांनंतर सिलिंडर वापरताच येत नाही. म्हणजे मूळ 4 किलो दाबाचा सिलिंडर दहाव्या वर्षाअखेर 3 किलोवरच चालवायचा. जुना सिलिंडर विकत घेणाऱ्याने त्याच्या पहिल्या वापराचे वर्ष कागदावर मागितलेच पाहिजे. ते माहीत नसेल तर दाबाचा हिशेबच करता येत नाही.

पेसोच्या नियमांत पाणी-चाचणी दर पाच वर्षांनी आहे, गंज आणणाऱ्या किंवा विषारी वायूंसाठी दर दोन वर्षांनी. ज्यात पाण्याचा अंशही चालत नाही किंवा ज्याचा पाया पाण्याचे वजन पेलणार नाही, अशा पात्राला मुख्य नियंत्रकाच्या परवानगीने हवेच्या दाबाची चाचणी विनाशविरहित चाचण्यांसह करता येते. दाबलेली हवा फुटल्यावर पाण्याच्या कितीतरी पट ऊर्जा सोडते, म्हणून ही सवलत सहज घेण्यासारखी नाही.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते

उपकरण तपासणीसाठी तयार करून देणे ही मालकाची जबाबदारी असते, आणि निम्मी तपासणी या तयारीतच वाया जाते किंवा वाचते. बॉयलर सावकाश थंड करायचा. वाफ, फीड (आत येणारे पाणी) आणि ब्लोडाउनच्या (तळाचे क्षाराचे पाणी सोडण्याच्या) लाइनीत ब्लाइंड, म्हणजे वाट पूर्ण बंद करणाऱ्या चकत्या, घालायचे. नुसता व्हॉल्व बंद करणे म्हणजे अलगीकरण नव्हे, हे विशेषतः एकाच हेडरवर दोन बॉयलर असतात तिथे लक्षात ठेवावे लागते. मॅनहोल, हँडहोल आणि मडहोल उघडायचे, फ्यूजिबल प्लग (पाणी कमी पडले की वितळणारा) काढायचा, माउंटिंग (बॉयलरवर बसवलेले व्हॉल्व आणि गेज) खोलून ठेवायचे, ट्यूबवरची काजळी आणि आतला क्षार काढायचा. आत शिरण्यापूर्वी ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के असल्याची आणि ज्वलनशील वायू नसल्याची नोंद हवी. आत 24 व्होल्टचा दिवा आणि बाहेर मॅनहोलपाशी एक माणूस हवा.

आत गेल्यावर हातात हातोडी, मिरर, खड्ड्याची खोली मोजणारे पिट गेज आणि टॉर्च असतात. टॉर्च पृष्ठभागावर सरळ न मारता जवळजवळ आडवी धरली की खड्डे आणि फुगवटे सावलीने उठून दिसतात. शेल बॉयलरमध्ये पाण्याच्या पातळीची रेषा, फर्नेसचा माथा, ट्यूबप्लेटवरचे ट्यूबमधले लिगामेंट (दोन भोकांमधली धातूची पट्टी) आणि स्टेच्या (प्लेटला आधार देणाऱ्या सळईच्या) मुळाशी असलेली खाच पाहतात. फर्नेसचा माथा बसलेला आढळला, तर पाणी कमी पडले होते किंवा क्षाराचा थर होता, यांपैकी एक कारण शोधावेच लागते. कारण न शोधता नुसता माथा सरळ केला, तर पुढच्या वर्षी तो पुन्हा बसतो.

एअर रिसीव्हर साधा दिसतो म्हणून दुर्लक्षित राहतो. त्याच्या तळाशी जमलेले पाणी रोज सोडले नाही, तर खालच्या डिशच्या (गोलसर तळाच्या) वेल्डपाशी खोल खड्डे पडतात आणि वरून रंग शाबूत राहतो. तपासणीत जाडीचे रीडिंग शेलच्या मध्यावर घेतले जाते, कारण तिथे हात पोहोचतो. दोष मात्र तळाशी असतो. समुद्रकाठच्या कारखान्यांत तसेच इन्सुलेशनखालच्या गंजाचे. आवरणाच्या सांध्यातून खारे पावसाळी पाणी शिरते, आणि गरम-गार होत राहणारे कार्बन-स्टीलचे पाइप आतून नव्हे, बाहेरून खाल्ले जातात. तिथे आवरणाचे काही तुकडे काढूनच पाहावे लागते.

जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजतात. पोलादात ध्वनीचा वेग साधारण 5,920 मीटर प्रति सेकंद धरून यंत्र जाडी दाखवते, म्हणून चुकाही ठरलेल्या असतात. रंगात वेग कमी असल्याने पाव मिलिमीटर रंग अर्ध्या मिलिमीटरहून अधिक पोलादासारखा मोजला जातो. तापलेल्या धातूत वेग दर 55 अंशांना सुमारे 1 टक्का घटतो आणि जाडी जास्त दिसते. फार पातळ भिंतीवर गेज दुप्पट आकडा देऊ शकते. यंदाची जाडी गेल्या वेळेपेक्षा जास्त आली, तर धातू वाढलेला नसतो, दोनपैकी एक रीडिंग चुकलेले असते.

उर्वरित आयुष्याचा हिशेब असा. 2019 मध्ये 10.8 मिमी, 2024 मध्ये 10.2 मिमी, म्हणजे वर्षाला 0.12 मिमी झीज. डिझाइनप्रमाणे किमान जाडी 8.4 मिमी असेल, तर उरले 1.8 मिमी आणि 15 वर्षे. दाबपात्रांच्या तपासणीच्या अमेरिकी एपीआय 510 संहितेत आतल्या तपासणीची मुदत उर्वरित आयुष्याच्या निम्मी किंवा 10 वर्षे, यांपैकी कमी. म्हणजे इथे साडेसात वर्षे. भारतातल्या कारखान्याला मात्र कायद्याची मुदतच बांधील असते, हिशेब कितीही सोयीचा निघो.

पाणी-चाचणीत वरच्या व्हेंटमधून हवा पूर्ण जाईपर्यंत भरायचे, दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा आणि दोन कॅलिब्रेट केलेली गेज लावायची. स्टेनलेस स्टीलला क्लोराइड कमी असलेलेच पाणी लागते, एरवी महिन्यांनी तडे दिसतात. चाचणीपुरता सेफ्टी व्हॉल्व गॅग लावून दाबून धरलेला असतो. तो गॅग काढायचा राहिला, तर प्रमाणपत्र हातात असलेला बॉयलर संरक्षणाविना चालू होतो. म्हणून किती गॅग आणि किती ब्लाइंड घातले हे यादीत लिहून, काढल्यावर तीच संख्या मोजून जुळवली पाहिजे.

निरीक्षकाची पात्रता आणि शिक्षण

1923 च्या कायद्यात 2007 साली झालेल्या दुरुस्तीने सरकारी बॉयलर निरीक्षकासाठी मेकॅनिकल, प्रॉडक्शन, पॉवर प्लांट किंवा मेटलर्जी अभियांत्रिकीची पदवी आणि बॉयलरच्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव घातला. उपमुख्य निरीक्षकासाठी पाच आणि मुख्य निरीक्षकासाठी दहा वर्षे. त्याच दुरुस्तीने खासगी सक्षम व्यक्तीलाही तपासणीची वाट उघडली. कारखान्यातल्या दाबपात्रांसाठीच्या सक्षम व्यक्तीला अभियांत्रिकीची पदवी आणि सुमारे दहा वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, शिवाय पाणी-चाचणी आणि विनाशविरहित चाचणीची साधने जवळ असावी लागतात.

पदवीत या तपासणीचा भाग फारसा शिकवला जात नाही. तो चाचणीतंत्रांच्या प्रमाणपत्रांतून येतो: भारतीय मानक आयएस 13805, आंतरराष्ट्रीय आयएसओ 9712 किंवा अमेरिकी एसएनटी-टीसी-1ए. शेवटच्या पद्धतीत अल्ट्रासॉनिकच्या पहिल्या आणि दुसऱ्या पातळीला प्रत्येकी 40 तास शिक्षण सुचवले आहे, पेनिट्रंट चाचणीला (रंगीत द्रवाने पृष्ठभागावरचे तडे दाखवणाऱ्या) 4 आणि 8 तास. रेडिओग्राफीला किरणोत्सर्गी स्रोत वापरायचा असल्याने मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटी पाळाव्या लागतात. तिथे इरिडियम-192 चा 74 दिवसांचा अर्धायुकाल एक्स्पोजरच्या हिशेबात रोज येतो. आखातातल्या रिफायनऱ्यांत काम शोधणारे अभियंते एपीआय 510 करतात. ही परीक्षा 170 प्रश्नांची असते आणि प्रमाणपत्र तीन वर्षांनी नूतनीकरणाला येते.

बॉयलरवर रोज उभा असणारा अटेंडंट निरीक्षक नसला, तरी त्याची नोंदवही निरीक्षकाचा पहिला पुरावा असते. प्रथम आणि द्वितीय श्रेणीच्या परवान्यासाठी 2011 चे बॉयलर अटेंडंट नियम आहेत. फीडवॉटरची कठीणता, ब्लोडाउनची वेळ, गेज ग्लास (पाण्याची पातळी दाखवणारी काच) फुंकल्याची नोंद आणि स्टॅकचे (धुराड्याचे) तापमान या चार रकान्यांतून वर्षभराचे पाणी आणि क्षार वाचता येतात. स्टॅकचे तापमान हळूहळू चढत गेले असेल, तर ट्यूबवर थर साचला आहे आणि मॅनहोल उघडण्याआधीच काय सापडेल याचा अंदाज येतो.

साखर कारखान्यांत ही सगळी कामे गळीत हंगामापूर्वीच्या काही आठवड्यांत एकवटतात. एकाच जिल्ह्यातले अनेक बॉयलर एकाच वेळी तपासणीला उभे राहतात. ओव्हरहॉलिंगची कामे मे-जूनमध्येच उरकून आतली तपासणी लवकर मागितली, तर सापडलेली ट्यूब बदलायला वेळ मिळतो. ऑक्टोबरात सापडलेली ट्यूब प्लग करून, म्हणजे टोके बंद करून, हंगाम काढला जातो, आणि प्लगची संख्या दर वर्षी वाढत जाते.