पीएफ पेन्शनचा अर्ज परत का येतो?

बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्र्या, निपाणीतील विडी कारखाने आणि चिकोडी-संकेश्वर पट्ट्यातील साखर कारखाने येथे उमेदीची वर्षे घालवलेल्या कामगारांना भविष्य निर्वाह निधीबरोबरच (पीएफ) कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ चे निवृत्तिवेतनही मिळू शकते. या भागातून परत येणारे पुष्कळसे अर्ज अपात्र माणसांचे नसतात. कागदोपत्री एकच माणूस दोन-तीन नावांनी आणि दोन जन्मतारखांनी वावरत असतो, म्हणून ते परत येतात. त्यामुळे कारखाना चालू आहे आणि तेथील सही-शिक्का मिळू शकतो, तोपर्यंतच ही तयारी उरकून घ्यावी.

वयाची ५८ वर्षे आणि किमान १० वर्षांची पेन्शनपात्र सेवा, एवढीच मूळ अट आहे. शेवटचे वर्ष सहा महिने किंवा त्याहून अधिक भरले असेल तर ते पूर्ण धरले जाते, तेव्हा साडेनऊ वर्षे सेवा झालेल्याने आपण बाद झालो असे समजू नये. पेन्शनसाठी नोकरी सोडावी लागते, हाही एक रुजलेला गैरसमज आहे. ५८ पूर्ण होताच पेन्शन खात्यातील भरणा थांबतो आणि काम चालू ठेवूनही पेन्शन घेता येते. नोकरी सुटली असेल तर पन्नाशीनंतर मुदतपूर्व पेन्शनची सोय आहे, परंतु ५८ ला जितकी वर्षे कमी असतील त्यांतील प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते. भट्टीपुढे उभे राहून गुडघे निकामी झालेल्या माणसाला थांबणे परवडत नाही हे खरे, पण सही करण्याआधी त्याला हा आकडा कोणीतरी सांगायला हवा.

रकमेचा हिशेब सोपा आहे. शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात, मात्र वेतन १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची सेवा २० वर्षे वा अधिक असल्यास दोन वर्षे वाढवून मिळतात. सरासरी १२,००० रुपये आणि सेवा २० वर्षे (वाढीव दोन धरून २२) असेल तर पेन्शन सुमारे ३,७७१ रुपये येते.

सीमाभागातील खरी अडचण सेवेच्या तुकड्यांची आहे. अनेकांनी काही वर्षे इचलकरंजी किंवा गोकुळ शिरगावला काढली आणि नंतर बेळगावात काम धरले. एक खाते महाराष्ट्रातील कार्यालयाकडे, दुसरे कर्नाटकातील कार्यालयाकडे, आणि २०१४ मध्ये यूएएन (कामगाराची सगळी पीएफ खाती जोडणारा एकच क्रमांक) येण्याआधीचे खाते त्यास जोडलेलेच नाही, अशी स्थिती सर्रास आढळते. सहा वर्षे तिकडची आणि सात वर्षे इकडची अशी सेवा न जोडता अर्ज केल्यास दोन्हींकडे दहा वर्षे भरत नाहीत. जुने खाते आधी वर्ग करून घ्यावे आणि पासबुकात जुनी सेवा दिसते का ते पाहावे. त्याहून मोठा धोका १० सी अर्जाचा, म्हणजे पेन्शन खात्यातील पैसे काढून घेण्याच्या अर्जाचा आहे. नोकरी सुटल्यावर एजंट पीएफच्या १९ क्रमांकाच्या अर्जासोबत तोही भरून देतो, पेन्शनचे पैसे हातात पडतात आणि तेवढ्या वर्षांची सेवा कायमची पुसली जाते. त्याच १० सी अर्जावर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, मागता येते आणि त्यामुळे सेवा जिवंत राहते, हे एजंट सांगत नाही.

नावाचा घोळ स्त्रियांच्या बाबतीत अधिक असतो. विडी वळणाऱ्या बाईचे नाव कारखान्यात माहेरचे, आधारवर सासरचे आणि बँकेत आद्याक्षरांनिशी, शिवाय कन्नडमधून इंग्रजीत उतरताना आडनावाचे स्पेलिंग निराळे. नोकरी देणाऱ्याच्या सहीचे संयुक्त घोषणापत्र देऊन ही दुरुस्ती होते. कारखाना बंद पडला असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक व्यवस्थापक यांचे साक्षांकन चालते. जन्मतारखेसाठी मात्र आधार हा पुरावा म्हणून जानेवारी २०२४ पासून धरला जात नाही. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला असा पुरावा लागतो, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी शाळेची पायरीही न चढलेल्या बाईकडे हे दोन्ही मागण्यात काय शहाणपण आहे, ते मागणाऱ्यांनाच ठाऊक. अन्य पुरावा नसल्यास सिव्हिल सर्जनचे वयाचे प्रमाणपत्र आणि शपथपत्र हा मार्ग नियमात आहे. तो खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून विचारावा.

बाकी अर्ज साधा आहे: पेन्शन मागण्याचा १० डी नमुना, आधार, बँक पासबुक, पती-पत्नीचा एकत्रित फोटो आणि पंचविशीच्या आतील मुलांचे वयाचे दाखले.

पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकारी पेन्शनरांचा नोव्हेंबर महिना येथे लागू नाही. वर्षात केव्हाही दिलेला दाखला त्या दिवसापासून एक वर्ष चालतो, आणि ती तारीख चुकली की पेन्शन थांबते. तंबाखू आणि वाळू हाताळून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, तेव्हा 'जीवन प्रमाण' या हयातीच्या डिजिटल दाखल्यामध्ये चेहऱ्याने ओळख पटवण्याचा पर्याय मागावा.

पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कपात होत असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. त्यासाठी नोकरी देणाऱ्याकडून निवृत्तीचा दाखला लागतो. तो शेवटच्या पगाराबरोबरच मागून घ्यावा, कारण नंतर त्याच दाखल्यासाठी फाटकावरून परत पाठवले जाते.