समुद्रावरचा चकवा

चाकणच्या चौकात सिग्नलला अडकलात की कधीतरी शेजारी एक विचित्र गाडी येऊन थांबते. बंपरपासून छतापर्यंत काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांची फिल्म, कंपनीचं चिन्ह झाकलेलं, दिवे तेवढे उघडे. दोन मिनिटांत चार मोबाईल बाहेर निघतात आणि संध्याकाळपर्यंत फोटो सगळीकडे फिरतात. बाजारात यायच्या आधी रस्त्यावर तपासली जाणारी ही गाडी. लपवायचीच होती तर सरळ राखाडी रंग मारायचा, रस्त्यातल्या शंभर गाड्यांत ती कोणाला दिसलीही नसती! पण इथे लपणं हा हेतूच नाही. दिसायचं, पण कळायचं नाही. या युक्तीचं सगळ्यात गाजलेलं पान शंभर वर्षांपूर्वीचं आहे, आणि ते रस्त्यावरचं नाही, समुद्रावरचं आहे.

पहिलं महायुद्ध चालू होतं. फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मनीने पाणबुड्यांना मोकळं रान दिलं. व्यापारी जहाज दिसलं की बुडवायचं, इशारा वगैरे काही नाही. त्या एप्रिलमध्ये एका महिन्यात साडेआठ लाख टनांहून जास्त जहाजं तळाला गेली. ब्रिटनचं धान्य समुद्रावरून यायचं, त्यामुळे हा थेट पोटाचा प्रश्न होता.

जहाज लपवायचे प्रयत्न आधी झाले होते, पण ते फसणारच होते. समुद्राचा आणि आभाळाचा रंग तासातासाला बदलतो. कोळशाच्या इंजिनाचा धूर मैलोन् मैल दिसतो. शिवाय पाणबुडीचा कप्तान पेरिस्कोपमधून, म्हणजे पाण्याच्या जेमतेम वरून पाहतो. त्याला जहाज कायम आभाळावर उठलेलं दिसतं. कुठलाही रंग द्या, उजेडापुढे ते काळंच.

नॉर्मन विल्किन्सन हा समुद्रचित्रं काढणारा चित्रकार तेव्हा नौदलात होता. टायटॅनिकच्या पहिल्या वर्गाच्या धूम्रपानकक्षात त्याने काढलेलं प्लायमथ बंदराचं चित्र होतं. ते जहाजाबरोबरच तळाला गेलं. १९१७ च्या वसंतात मासेमारीची सुट्टी संपवून तो गारठलेल्या रेल्वेच्या डब्यातून परतत होता. जहाज लपवता येत नाही, मग उलटं का करू नये, हे त्याला सुचलं ते या प्रवासात. जहाज दिसू दे, पण ते कुठे चाललंय हे पाहणाऱ्याला नीट कळू नये.

कुठे चाललंय, याला एवढं महत्त्व का? त्या काळचा टॉर्पेडो, म्हणजे पाणबुडीतून सुटणारं पाण्याखालचं स्फोटक अस्त्र, एकदा सुटला की सरळ जायचा, वाटेत वळायचा नाही. समजा त्याचा वेग ३५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर, आणि जहाज किलोमीटरभर अंतरावर. पोचायला जवळपास एक मिनिट. १२ नॉटने चाललेलं जहाज तेवढ्यात जवळपास साडेतीनशे मीटर पुढे सरकतं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या तीनेक पट. म्हणून नेम जहाजावर नाही, ते जिथे पोचणार त्या रिकाम्या पाण्यावर धरावा लागे. त्यासाठी कप्तानाला अंतर, वेग आणि दिशा यांचा अंदाज हवा, आणि तोही पेरिस्कोप क्षणभर वर काढून. फार वेळ वर ठेवला तर तोच दिसणार. दिशा आठ-दहा अंशांनी चुकली तरी नेम वाया जाऊ शकतो.

विल्किन्सनने नेमकं इथे बोट ठेवलं. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, असे तिरके पट्टे ओढायचे की टोक नक्की कुठे संपतं तेच समजू नये. धुराडी वाकडी भासवायची, मागची बाजू पुढची वाटावी असं करायचं. डावी बाजू एक तर उजवी वेगळीच, आणि दोन जहाजं सारखी करायची नाहीत, नाहीतर शत्रू नक्षी पाठ करून बसेल. इंग्रजीत या प्रकाराला डॅझल म्हणतात, डोळे दिपवणं. मला विचाराल तर आपला ‘चकवा’ जास्त अचूक बसतो. रानात चकवा लागलेल्याला वाट दिसत असते, फक्त ती भलतीकडे नेते.

हे काम लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या इमारतीत चालायचं. कलाशाळांतून आलेल्या बऱ्याच मुली लाकडी छोटी जहाजं रंगवत. रंगवलेलं जहाज फिरत्या तबकडीवर ठेवायचं, मागे आभाळाचा पडदा लावायचा आणि पेरिस्कोपमधून पाहायचं. फसलो तर नक्षी पास, मग तिचा रंगीत आराखडा बंदरातल्या रंगाऱ्यांकडे. राजा पंचम जॉर्ज तिथे आला तेव्हा त्यालाही ओळखायला सांगितलं. तो स्वतः नौदलात वाढलेला. त्याने दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला असं सांगितलं. जहाजाचं तोंड होतं पूर्व-आग्नेयेला.

युद्ध संपेपर्यंत दोन हजारांहून जास्त ब्रिटिश व्यापारी जहाजं अशी रंगली. टायटॅनिकची बहीण ऑलिंपिकही त्यांत होती. मे १९१८ मध्ये तर तिने याच पट्टेरी वेशात एका जर्मन पाणबुडीला धडक देऊन बुडवलं.

श्रेयावरून भांडण व्हायचं ते झालंच. ग्लासगोचे प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रॅहम कर यांनी १९१४ मध्येच तेव्हाचे नौदलमंत्री चर्चिल यांना लिहिलं होतं की झेब्र्याच्या पट्ट्यांसारखे ठळक तुकडे आकार मोडतात, ते जहाजांवर वापरा. नौदलाने थोडं करून पाहिलं आणि सोडून दिलं. पुढे १९२२ मध्ये सरकारी समितीने शोध विल्किन्सनचाच ठरवून त्याला २,००० पौंड दिले. मला हा निकाल फारसा अन्यायाचा वाटत नाही. कर यांना जहाज दिसेनासं करायचं होतं, विल्किन्सनला पाहणाऱ्याला चुकवायचं होतं. मात्र कर यांना तो पटला नाही.

आणि खरा प्रश्न, उपयोग झाला का? ठाम उत्तर तेव्हा कुणालाच देता आलं नाही. त्याच सुमारास जहाजं ताफ्याने, सोबतीला युद्धनौका घेऊन जाऊ लागली. नुकसान घटलं ते ताफ्यामुळे की पट्ट्यांमुळे, हे वेगळं काढणार कसं? नौदलाच्या १९१८ च्या अहवालाने पुरावा नाही असं मान्य केलं, पण खलाशांना धीर येतो म्हणून रंग चालू ठेवा असंही सुचवलं.

शास्त्रज्ञांनी हा धागा सोडलेला नाही. ब्रिस्टलच्या संशोधकांना २०११ मध्ये पडद्यावरच्या प्रयोगात आढळलं की ठळक नक्षी वेगाने सरकली तर तिचा वेग साधारण ७ टक्के कमी भासतो. जहाजं तेवढी वेगवान नव्हतीच. त्यामुळे त्यांनी उदाहरण दिलं ते जवळून रॉकेट झेलणाऱ्या लष्करी गाडीचं. २०२५ मध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या दोघांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या एका विद्यार्थ्याचा या पट्ट्यांच्या प्रयोगावरचा १९१९ चा प्रबंध पुन्हा तपासला. त्यांच्या मते त्या प्रयोगात दिसलेली बरीचशी फसगत पट्ट्यांची नव्हतीच. जहाज कुठेही वळलेलं असो, डोळा ते क्षितिजाला समांतर चाललंय असंच धरून चालतो. पट्टे नसले तरी.

चित्रकलेत मात्र या जहाजांनी घर केलं. लिव्हरपूलच्या गोदीत रंगकामावर देखरेख करणाऱ्या एडवर्ड वॉड्सवर्थने १९१९ मध्ये त्यांचंच भलंमोठं चित्र काढलं, ते आता ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. ‘हे तर आमचं काम’ अशा अर्थाचं पिकासोचं वाक्य या जहाजांच्या फोटोखाली हमखास चिकटवलेलं असतं. तो किस्सा जहाजाचा नाही, पॅरिसच्या रस्त्यावरून चाललेल्या रंगवलेल्या तोफेचा आहे.

चाकणच्या गाडीला टॉर्पेडोची भीती नाही, तिला भीती कॅमेऱ्याची. दारावरची कड, बोनेटचा उठाव, बाजूची खाच हे सगळं फोटोत सावलीमुळे उमटतं. वेटोळ्यांच्या गर्दीत सावली कुठली आणि छापील रेघ कुठली हे सुटं करता येत नाही. त्यावर काही ठिकाणी खोटे उंचवटेही चिकटवतात.

एक फरक मात्र फोटोंमुळे आपल्या लक्षातच येत नाही. गाडी खरोखरच काळी-पांढरी असते. जहाजं तशी दिसतात ती फोटो त्या काळचे म्हणून. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या डिझाइन महाविद्यालयात साडेचारशेहून जास्त मूळ आराखडे जपले आहेत. त्यांत निळे, हिरवे, राखाडी असे पट्टे एकमेकांना कापत जातात.